सेटल नव्हे, क्लोज्ड

बडोद्यात माणसाने आयुष्यात काय करायचं, तर सेटल व्हायचं. आमच्या हरणीच्या सोसायटीत कुणाचा मुलगा काय करतो असं विचारलं, तर उत्तरात ना पगार येतो ना पदवी. "कॅनडात सेटल आहे" एवढं सांगितलं की विचारणारी मान डोलावते आणि विषय संपतो. लग्नाच्या बायोडेटात 'वेलसेटल्ड' हा शब्द रास-नक्षत्राच्याही वर असतो. गुजराती शेजारी असोत की आमच्यासारखी तीन पिढ्या इथे काढलेली मराठी घरं असोत, या एका शब्दावर सगळ्यांचं एकमत. आणि याच शब्दापायी माझी सरकारी बँकेतली नोकरी हातात येता येता जाणार होती.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. घरात आई आणि मी, दोघीच. बाबा रेल्वेत होते, ते गेल्यावर आईला त्यांचं पेन्शन मिळायचं. मी गोरव्याच्या एका कारखान्यात बिलिंग आणि डिस्पॅच बघायची. पंपाचे सुटे भाग बनायचे तिथे. काम आवडायचं मला. ट्रक वेळेवर सुटला की उगाच आपण सोडला असं वाटायचं. पण एका मोठ्या गिऱ्हाइकाने शेठचे पैसे अडकवले आणि शेठने आमचे. पगाराचं विचारलं की शेठ गोड हसून म्हणायचे, "आवता अठवाडिये, बेटा." पुढच्या आठवड्यात. त्यांचा पुढचा आठवडा कधी चालू आठवडा झालाच नाही.

माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं होती. पगार येत असताना हौसेने घेतलेली, पगार थांबल्यावर त्यांवरच घर चाललं. किराणा, स्कूटरचा टायर, आईचा चष्मा, बँकेच्या परीक्षेच्या क्लासची फी. आणि हो, नवरात्रीसाठी एक चणियाचोळीही घेतली होती, ती मी नाकारत नाही. छान दिसत होते मी तिच्यात. दर महिन्याच्या बिलावर दोन आकडे असायचे, एक मोठा आणि एक छोटा. छोट्याला ते 'मिनिमम' म्हणायचे. मला वाटायचं, बँकही आपल्या वाण्यासारखीच समजूतदार आहे, आत्ता जमेल तेवढं दे, बाकीचं बघू. छोटा आकडा भरला की मी मनात म्हणायची, वांधो नहीं. आमच्या गावात दिवसातून शंभर वेळा ऐकू येणारे हे दोन शब्द. काही हरकत नाही! कसली हरकत नाही? मोठा आकडा दर महिन्याला फुगत होता. पुढे पुढे छोटाही भरता येईना, तेव्हा दंडावर दंड बसून सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. निम्म्याहून जास्त वस्तू तर मला आठवतही नव्हत्या.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. पगार उशिरा येतोय एवढंच तिला माहीत.

अशात माझा बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेचा निकाल लागला. पास! तिसऱ्या प्रयत्नात. आईने सोसायटीच्या दर दारात जाऊन पेढे वाटले, वॉचमनच्या हातावर दोन ठेवले, लिफ्टवाल्यालाही दिले. "आता ही सेटल झाली हो," असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि समोरची प्रत्येक बाई "चालो, सारुं थयुं", चला, बरं झालं, म्हणत मान डोलवत होती. मी तिच्या मागे पेढ्यांचा डबा धरून हिंडत होते. इतका आनंद मला आधी कधी झाल्याचं आठवत नाही.

मग रुजू होण्याच्या अटींचा कागद आला. वैद्यकीय तपासणी, पोलीस चारित्र्य दाखला, मूळ गुणपत्रिका. आणि खाली एक कलम की उमेदवाराच्या नावावर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकीत असल्याची नोंद असता कामा नये, रुजू होताना ताजा क्रेडिट रिपोर्ट दाखवावा लागेल. मी ते कलम उभ्या उभ्या दोनदा वाचलं. बरोबरच आहे ना. स्वतःचं देणं न फेडणाऱ्या बाईच्या हातात दुसऱ्यांचे पैसे कोण देईल?  रुजू व्हायला तीन महिने होते. तेवढ्यात हे निस्तरलं तर नोकरी, नाहीतर वाटलेले पेढे वाया.

वसुलीवाल्याचे फोन सुरू झालेच होते, दोन्ही बँकांची वसुली एकाच एजन्सीकडे. आवाज नेहमी एकाच माणसाचा, हिंदीत, आधी गोड मग आंबट. त्या आठवड्यात मात्र तो पहिल्यांदाच मदतीला आल्यासारखा बोलला. "मॅडम, सेटल कर लीजिए ना. दोनों कार्ड का मिलाके सत्तर हजार. बाकी सब माफ. आपका भी टेन्शन खतम, हमारा भी."

सेटल! माझ्या कानाला तो शब्द इतका गोड लागला की काय सांगू. पावणेदोन लाखांचे सत्तर हजार, आणि वर सेटल. त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ती रडेल, निदान दोन दिवस बोलणार नाही. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं, लाटणं बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, "गधडे, एवढं होईपर्यंत बोलायचं नाही? आणि तो स्वतःच सेटल करून देतोय ना? मग रडतेस कशाला?" कपाटातून तिने एफडीची पावती काढली. माझ्या लग्नासाठी ठेवलेले ऐंशी हजार. "घे. एकदाची सेटल हो आणि रुजू हो. नवरा काय, नोकरीवाली म्हटल्यावर आपोआप येईल दारात."

असली आई. मी तिला मिठी मारली आणि पिठाने माखून निघाले.

खरं तर दुसऱ्याच दिवशी एफडी मोडून मी त्याला पैसे दिले असते. पण माझ्या अंगात एक खोड आहे. मांडवीत ओढणी घ्यायची तरी भाव केल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही. सत्तर म्हणतोय म्हणजे साठला येईल, असं माझ्या मनाने घेतलं. मी दोनदा फोनवर ताणून पाहिलं, पण तो काही हलेना. मग क्लासमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं की मांडवीजवळ एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर कर्जदारांसाठी सल्ला केंद्र आहे, फुकट असतं, तिथल्या बेन बँकांशी स्वतः बोलतात. मी म्हटलं, वा! आपल्या बाजूने भाव करणारी कुणीतरी मिळाली. सगळी बिलं पिशवीत कोंबून मी निघाले ती दहा हजार वाचवायला. बाकी काही माझ्या डोक्यात नव्हतं.

केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक पंखा आणि बेन. साठीच्या पुढच्या, सुती साडीतल्या, बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या. टेबलावर मुखवासाची डबी. बोलणं गुजराती, पण शेजार जन्मभर मराठी मिळालेला, त्यामुळे मधूनच 'अगं बाई' येई. त्यांनी माझी सगळी बिलं तारखेवार लावली, चष्मा वर केला आणि विचारलं, "शुं जोईए छे तने? काय पाहिजे तुला?"

मी ऐटीत म्हटलं, "सत्तरमां सेटल करे छे, साठमां करावी आपो." साठ हजारांत करून द्या.

बेननी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या टेबलावर चिखलाची चप्पल ठेवली. "सेटल नथी करवानुं. पूर्ण भरायचे. एकूण एक रुपया."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बेन, मी इथे पैसे कमी करायला आलेय, वाढवायला नाही. समोरचा माणूस लाख रुपये सोडतोय आणि तुम्ही माझ्या बाजूच्या असून मला जास्त भरायला सांगता? हे कसलं केंद्र? मराठी-गुजराती-हिंदी जे तोंडात आलं ते बोलले, बिलं पिशवीत भरली आणि दाणदाण जिना उतरून खाली आले. खाली उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहून तणतणत एक ग्लास रस प्यायले. रस थंड होता, मी गरम होते. अर्धा ग्लास संपल्यावर कुठे लक्षात आलं की बाईंनी त्यांचं म्हणणं पूर्ण केलंच नव्हतं. मीच करू दिलं नव्हतं. पिशवीतून अटींचा कागद काढून ते कलम मी पुन्हा वाचलं. त्यात किती भरले असं काही विचारलेलं नव्हतं. नोंद काय आहे, असं विचारलं होतं. ग्लास गाडीवर ठेवला आणि जिना पुन्हा चढले.

बेन जागच्या हलल्या नव्हत्या. "रस पीधो?" त्यांनी शांतपणे विचारलं. खिडकीतून सगळं दिसत होतं तिथून.

"प्यायले," मी म्हटलं. "आता सांगा."

त्यांनी मुखवासाची डबी माझ्याकडे सरकवली आणि सांगितलं. कार्डाची बाकी कमी पैशांत मिटवली की बँक तुमच्या रिपोर्टवर लिहिते 'सेटल्ड'. त्याचा अर्थ असा की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आम्ही नाद सोडला. वर्षानुवर्षं तो शब्द तिथे बसून राहतो आणि पुढचं कुणीही तो वाचतं. पूर्ण भरणाऱ्याच्या नावापुढे लिहितात 'क्लोज्ड'. खातं बंद, बाकी शून्य, बोट ठेवायला जागा नाही. "तारी नोकरीना कागळमां 'सेटल्ड' वांच्युं, एटले तारी नोकरी गई." तुझ्या कागदात 'सेटल्ड' वाचलं की नोकरी गेलीच.

 थोड्याच दिवसांपूर्वी आईने एफडीची पावती माझ्या हातात ठेवली होती. आम्ही दोघी हसत हसत ती नोकरी घालवायला निघालो होतो, आणि का, तर तो शब्द आम्हाला शुभ वाटत होता म्हणून! मी बेनना म्हटलं, अहो, आमच्याकडे तर सेटल म्हणजे सगळ्यात चांगलं. त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "लग्नमां सेटल सारुं, बँकमां क्लोज्ड सारुं," त्या म्हणाल्या. मग हसू आवरून म्हणाल्या की इथे येणाऱ्या निम्म्या लोकांची हीच चूक होते, आपल्या बडोद्यात कुणाला त्या शब्दाची भीतीच वाटत नाही.

मग खरं काम सुरू झालं. बेनची पद्धत म्हणजे पद्धत. आधी त्यांनी बिलांवरच्या रकमा वेगळ्या काढल्या, वापरलेलं किती, व्याज किती, उशिराचा दंड किती. दंडाची रक्कम बघून माझ्या तोंडून शिवीच निघाली. बेननी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, हा दंड बँकेला आधी खात्यातून उलटा करायला लावायचा. पगार थांबल्याचा पुरावा जोडून विनंती करायची. त्यांनी दंड काढला की जी बाकी उरेल ती बिलावर पूर्ण बाकी म्हणून छापून येईल, आणि तीच आपण पूर्ण भरायची. पैसे आधी भरले आणि सूट नंतर मागितली की झालं सेटलमेंट. क्रम उलटा झाला की शब्दही उलटा. एवढीशी गोष्ट, पण ती मला जन्मात सुचली नसती.

आणि फोनवर काय बोलायचं तेही त्यांनी पढवलं. वसुलीवाला काहीही बोलो, धमकी देवो, आज शेवटची तारीख आहे म्हणो, आपण एकच वाक्य म्हणायचं, "लिखित में भेजिए." दुसरा शब्द नाही. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला हे म्हणजे उपासच. पहिल्या दिवशी मी ओठ दाबून धरले होते. तो म्हणाला सोसायटीत माणूस पाठवू, मी म्हटलं लिखित में भेजिए. तो म्हणाला ऑफर आज संपते, मी म्हटलं ऑफर लिखित में भेजिए. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, आप और कुछ बोलती नहीं क्या?" मला असं हसू फुटलं की फोन आईकडे द्यावा लागला, आणि आईनेही गंभीरपणे तेच वाक्य म्हटलं. आठवड्याभरात त्याचे फोन बंद. लेखी एक अक्षर आलं नाही.

दोन्ही बँकांना पत्रं गेली. बेन स्वतः त्या त्या बँकेच्या तक्रार विभागाशी बोलल्या. आवाज जराही न चढवता त्या असं बोलायच्या की पलीकडचा माणूस आपसूक 'जी बेन, जी बेन' करू लागायचा. महिन्याभरात दोन्ही कार्डांचा बराचसा दंड खात्यातून उलटा झाला आणि पूर्ण बाकी एक लाख चाळीस हजारांवर आली. आता ती भरायची कुठून?

आईला हे सांगताना मात्र पंचाईत झाली. "म्हणजे तो माणूस सत्तर घ्यायला तयार होता आणि आता आपण एक लाख चाळीस द्यायचे? आणि हे तुझ्या बाजूच्या बाईंनी सांगितलं?" तिने कपाळावर हात मारून घेतला. मी तिला सेटल आणि क्लोज्डमधला फरक समजावला. तिने तो दोनदा समजून घेतला. मग बराच वेळ ती भांडी लावत होती, जरा जोरातच. शेवटी म्हणाली, "मी सगळ्या सोसायटीला सांगून आलेय की तू सेटल झालीस. बघ बाई, काय काय बोलून बसते मी." आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. एफडी मोडायची ठरली ती तेव्हाच.

तरी साठ हजार कमी पडत होते. ते ऐकून बेननी मला एक प्रश्न विचारला, जो तोवर मला कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःलासुद्धा नाही. "देणं किती ते तू तोंडपाठ सांगतेस. तुझं येणं किती?"

माझं येणं! अहो, शेठकडे माझा चार महिन्यांचा पगार अडकला होता. चौसष्ट हजार. इतके दिवस मी दुसऱ्याला द्यायच्या पैशांपायी झोप घालवत होते, आणि मला ज्याने द्यायचे तो सुखाने पान खात होता. मला संताप आला तो स्वतःचाच. बेननी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, थकलेल्या पगाराबद्दल कामगार कार्यालयात करायचा. पण लगेच द्यायचा नाही म्हणाल्या. आधी शेठला दाखवायचा, सभ्यपणे.

सभ्यपणा हा माझा विषय नव्हे, पण प्रयत्न केला. गोरव्याला गेले, केबिनमध्ये खुर्ची ओढून बसले आणि अर्ज त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, शेठ, वाचा, काही चूक असेल तर सांगा, सुधारून मग देते. शेठने वाचला. एसीत बसून त्यांना घाम फुटला. ते एकदम घरचे झाले. "अरे बेटा, आ तो घरनी वात छे, घरमां राखवानी." घरची गोष्ट घरातच राहू दे.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घरनी वात होत तो पगार घेर पहोंच्यो होत, शेठ." घरची गोष्ट असती तर पगार घरी पोहोचला असता.

केबिनचं दार उघडंच होतं. बाहेर मशीनवरचे सगळे हात थांबले होते. शेठ दाराकडे बघत होते, मी शेठकडे. त्यांनी "आवता अठवाडिये" म्हणायला तोंड उघडलं, आणि मी अर्ज उचलून पिशवीत घालायला लागले. तोंड मिटलं. दोन हप्त्यांत देतो म्हणाले, पहिला आज, दुसरा पंधरा दिवसांनी. मी म्हटलं, तेवढं कागदावर लिहून द्या. दिलं त्यांनी. माझ्यासारखा ज्यांचा पगार अडकला होता त्या सगळ्यांना मी तो अर्ज कसा लिहायचा ते गेटवर उभं राहून सांगितलं, शेठच्या गुरख्यासमोर. पुढच्या महिन्यात त्यांचेही पैसे निघाले असं कळलं. त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना मी मोठमोठ्याने गात होते. सिग्नलला रिक्षावाला बघत होता, बघू दे म्हटलं.

पैसे भरले. दोन्ही बँकांनी बाकी नसल्याची पत्रं दिली. बेननी पत्रातला शब्द न् शब्द वाचून एक परत पाठवायला लावलं, कारण त्यात 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' असं छापलं होतं. "तडजोड शेनी? आपणे पूरा आप्या छे." कसली तडजोड, आपण पुरे दिलेत. दुरुस्त पत्र आलं. मग रिपोर्टवर नोंद चढायची वाट बघणं. तो काळ सगळ्यात वाईट होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हातावर हात ठेवून बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही. रोज आई विचारायची, "चढलं?" मी म्हणायची, "नाही गं." एक कार्ड चढलं. दुसरं चढेना. रुजू होण्याची तारीख उद्यावर आली तरी त्या ओळीपुढे जुनी बाकी तशीच.

रुजू व्हायच्या सकाळी मी रिपोर्ट पुन्हा काढला. दुसऱ्या कार्डाच्या ओळीवर डोळे नेण्याआधी मी ते मिटून घेतले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. उघडले. क्लोज्ड. खालीवर दोन्ही ओळींत तोच शब्द, क्लोज्ड, क्लोज्ड. बाकी शून्य. इंग्रजी भाषेत इतका सुंदर शब्द दुसरा नसेल. मी आधी बेनना फोन केला. त्या म्हणाल्या, "सरस. आता रड नहीं, प्रिंट काढ." प्रिंट काढली. मग रडले.

बँकेत साहेबांनी कागद एकेक करून उलटले. गुणपत्रिका, दाखले, फोटो. रिपोर्टवर थांबले. बोट ओळींवरून खाली आणत पूर्वीच्या थकलेल्या महिन्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "इथे बरेच महिने थकलेत."

"हो," मी म्हटलं. "पगार थांबला होता. मग सगळे पैसे भरले. पूर्ण. ही दोन्ही बँकांची पत्रं."

त्यांनी पत्रं वाचली. पुन्हा रिपोर्ट पाहिला. माझ्या शेजारी टाइपिंगचा आवाज चालू होता, तो मला ऐकू येईनासा झाला. "क्लोज्ड आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "सूट घेऊन नाही ना?"

"एकूण एक रुपया दिलाय साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्या शाखेत ऐकू गेला असावा, कारण दोन-तीन माना वळल्या. मला त्याची पर्वा नव्हती. त्या एका वाक्यासाठी मी तीन महिने झगडले होते.

साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "करा सही. खिडकी दाखवतील तुम्हाला."

सही केली आणि पाच मिनिटांची परवानगी काढून बाहेर पळाले. आईला सक्त ताकीद होती की घरीच थांब, मी फोन करते. ती अर्थातच समोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. मध्ये रस्ता, बस, रिक्षा, सगळा बडोद्याचा सकाळचा गोंगाट. रस्त्यात मोठ्याने बोलू नये असं जन्मभर मला दटावणाऱ्या बाईला मी इकडून ओरडून सांगितलं, "आई, घेतलं गं मला!"

आई ताडकन उठली. तिचा चेहरा असा फुलला की मला रस्ता दिसेना. आणि ती माझ्याहून दुप्पट आवाजात ओरडली, "अगं, मग बाहेर काय करतेस? आत जा, कामाला लाग!"